सरासरीत हरवलेला बोळ

मी कोल्हापुरातून, शिवाजी पेठेतून बोलतेय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणींना आमची पेठ परकी नाही. कपिलतीर्थ मंडईत तुम्ही भाजीची बुट्टी घेऊन येता. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तुमच्याच गावच्या म्हशी उभ्या असतात. अंबाबाईचं दर्शन झालं की पोरं रंकाळ्यावर चला म्हणून पदर ओढतात. पेठ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं अर्धा शिवाजी पुतळा येतो, तालमी येतात, फुटबॉलची ईर्षा येते, दगडी जोत्यांची जुनी घरं येतात. माझी मावशी गावाकडनं आली की दरवेळी म्हणायची, "तुम्हा पेठेतल्यांना काय कमी गं?" मी हसून सोडून द्यायची. आज त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलेय. काय कमी, कुणाला कमी, आणि ते मोजलं तर आजारपण कमी करता येतं का?

आधी एक घडलेलं सांगते. आमच्या मागच्या बोळात एका जुन्या वाड्याच्या परसात पत्र्याच्या चार खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत शाहूवाडीकडची एक पोरगी राहायला आली. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, ही दोन घरची धुणीभांडी करायची. सातवा महिना लागला तरी तिचं रक्त एकदाही तपासलेलं नव्हतं. आम्हाला कळलं तेही ती चावीवर घागर उचलताना मटकन खाली बसली म्हणून. तपासल्यावर हिमोग्लोबिन निघालं 7. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, आणि 7 च्या खाली गेलं की जिवाला धोका. ही पोरगी बरोबर त्या उंबऱ्यावर उभी होती.

तिचं नाव कुठंच नव्हतं असं नाही. सासरच्या गावातल्या आशाताईंच्या वहीत होतं. पुढं शेरा होता, 'कोल्हापूरला गेली'. इथल्या वहीत नव्हतं, कारण वाड्याच्या दारावर नाव घरमालकाचं, आणि मालकाच्या घरात गरोदर कुणी नाही. घरफाळा मालकाच्या नावानं, पाणीपट्टी मालकाच्या नावानं. दोन वह्यांच्या मधल्या फटीत ती पडली. दोघी आशाताईंनी आपापलं काम नीटच केलं होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. चूक वहीच्या मापात होती.

मापावरून आठवलं. पंचगंगेला पूर येतो तेव्हा आपण सगळे काय विचारतो? "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. शाळेतल्या पोरालाही हे पाठ असतं. 2019 ला, 2021 ला आपण रात्र रात्र तो आकडा ऐकत बसलो. आकडा चढला की कुठल्या गल्लीतली माणसं कधी हलवायची हे ठरतं, नावा कुठं पाठवायच्या हे ठरतं. नदीला अशी पट्टी आहे. माणसाच्या हलाखीला मात्र आपण पट्टी लावत नाही, नुसतं म्हणतो, "तिकडची वस्ती जरा गरीबच." जरा म्हणजे किती? आणि तिकडं म्हणजे नेमकं कुठं?

शासनाकडं माप नाही असं नाही. नीती आयोग देशभर एक मोजणी करतो. त्यात नुसता पैसा धरत नाहीत. पोषण, बाळंतपणातली काळजी, मुलांची शाळा, चुलीचं जळण, शौचालय, पिण्याचं पाणी, वीज, घर, बँकेचं खातं अशा 12 गोष्टी पाहतात. प्रत्येक गोष्टीला वजन असतं, आणि वजनानं एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त गोष्टी ज्या घरात नाहीत ते घर गरीब धरतात. हा विचार मला पटतो, कारण आपल्या बायकांच्या जगण्याला तो जवळचा आहे. नवऱ्याचा पगार बरा असेल, पण संडासाला पहाटे अंधारात रांग लावावी लागत असेल, तर ती बाई सुखी कशी?

पण ही मोजणी ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवर उभी आहे, तिचे आकडे जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतात. कोल्हापूर जिल्हा म्हटलं की त्यात उसाचं पाणीदार कागल आलं, डोंगरातलं गगनबावडा आलं, शहर आलं, आणि आमचा मागचा बोळही आला. सगळं एका पातेल्यात घालून ढवळलं की चव कशाचीच लागत नाही. जनगणना वॉर्डापर्यंत उतरते, पण शेवटची झाली 2011 ला. त्यानंतरची कोविडमुळं लांबली, आणि आता नवीचा दिवस 1 मार्च 2027 ठरलाय. मधल्या वर्षांत बोळातली किती बिऱ्हाडं बदलली याचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही.

सरासरी कशी फसवते ते बघा. आकडे मी समजण्यापुरते घेतेय, कुठल्या पाहणीतले नाहीत. धरा, एका पेठेत 1000 घरं आहेत. त्यातल्या 60 घरांना स्वतःचं शौचालय नाही. म्हणजे शंभरात 6. साहेब म्हणणार, "पेठ उत्तम आहे, पुढच्या वॉर्डाकडं चला." आता तीच 60 घरं कुठं आहेत ते बघू. त्यातली 45 घरं दोनच बोळांत आहेत, आणि त्या दोन बोळांत मिळून घरं आहेत 75. म्हणजे तिथं शंभरात 60! पेठ तीच, घरं तीच, पण 6 चे 60 झाले. फक्त आपण जवळ जाऊन पाहिलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मोजायचं तर बोळ मोजा. पेठ नको, वॉर्ड नको. पन्नास ते शंभर घरांचा तुकडा घ्या.

आता विचारायचं काय? पहिल्यांदा आम्ही बायका बसलो तेव्हा सगळ्यात आधी आलं, "रेशनकार्डाचा रंग बघू." पिवळं म्हणजे गरीब, केशरी म्हणजे मधलं, पांढरं म्हणजे बरं. सोपं वाटलं. पण परसातल्या खोल्यांतल्या माणसांची कार्डं गावाला, सासऱ्याच्या नावावर. इथं त्यांच्याकडं दाखवायला कुठल्याच रंगाचं कार्ड नाही. म्हणजे जी सगळ्यात अडचणीत, तीच मोजणीतून बाहेर. दुसरी म्हणाली, "उत्पन्न विचारू." तर खरं उत्पन्न सांगतंय कोण? रोजंदारीच्या माणसाला स्वतःलाही नक्की माहीत नसतं.

मग आम्ही डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींकडं वळलो. पाण्याची चावी घरात आहे की सामाईक? संडास किती कुटुंबांत एक? एका खोलीत झोपतात किती जण? कमावणारं माणूस रोजंदारीवर आहे का? घरातली बाई दहावीपर्यंत शिकलीय का? गेल्या दोन महिन्यांत गॅसची टाकी भरली का, की परत चूल पेटली? 'गॅस आहे का' असं विचारलं तर सगळ्या 'आहे' म्हणतात. टाकी कोपऱ्यात असते, रिकामी. आणि शेवटचा प्रश्न: गेल्या वर्षभरात खोली बदलली का?

हा शेवटचा प्रश्न आमच्या डोक्यातला नाही. लंडनमध्ये ब्रायन जार्मन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी 1980 च्या सुमाराला तिथल्या साध्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना विचारलं की तुमच्या कामाचा बोजा कशानं वाढतो? त्यातून आठ गोष्टी काढल्या. एकटी राहणारी म्हातारी माणसं, लहान लेकरं, एकट्यानं मुलं सांभाळणारे आईबाप, दाटीनं राहणं, बेकारी वगैरे, आणि त्यात एक होतं, वर्षभरात घर बदललेली माणसं. जो सारखा बिऱ्हाड हलवतो त्याचा डॉक्टर ठरलेला नसतो, कागद हरवतात, लसीचा डोस चुकतो. या गुणांवरून 1990 पासून तिथल्या हलाखीच्या भागातल्या डॉक्टरांना सरकार जादा पैसे देऊ लागलं. आकडा नुसता वहीत राहिला नाही, त्यामागं पैसा गेला.

दुसऱ्याचं माप मात्र जसंच्या तसं उचलू नये. तिथल्याच पीटर टाउनसेंड नावाच्या अभ्यासकांनी चार गोष्टी धरल्या होत्या: काम नाही, मोटार नाही, घर स्वतःचं नाही, खोल्या दाटीच्या. आता मोटारीचं माप आमच्या पेठेत लावलं तर निम्मी पेठ गरीब ठरेल. बरं, मोटारीच्या जागी मोटरसायकल धरावी, तर ती बोळातल्या प्रत्येक दाराशी उभी आहे, हप्त्यावर घेतलेली. ज्या गोष्टीचं उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं ती मोजून उपयोग नाही. वीज आहे का, हेही तसंच.

आणि स्वतःचं घर! यावर आमच्यात जोरात वाद झाला. कागदावर मालक, पण वाडा तीन भावांत अडकलेला, कोर्टात दावा, म्हणून कुणी कौलं बदलत नाही. भिंतीला ओल, मोरी एक, संडास एक, वर माडीवर म्हातारी एकटी. ती मालकीण आहे. तिच्या समोरच्या इमारतीत भाड्यानं राहणाऱ्या बँकेतल्या बाईंकडं सगळं आहे. म्हणून पेठेत मालकी विचारायची नाही असं ठरलं. तुमच्याकडं वेगळं असेल.

प्रत्येक 'नाही' ला एक गुण. सात प्रश्न, सात गुण. चार किंवा जास्त 'नाही' आले की त्या घरावर खूण. मग बोळातल्या शंभर घरांत अशी किती, हा बोळाचा आकडा. यापेक्षा अवघड गणित तुम्ही बचत गटाच्या व्याजाचं करता.

आता हे आणि आजारपण यांचं नातं. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. ज्या घरात चावीला रोज भरपूर पाणी, तिथं साठवण कमी. जिथं पाणी एका आड एक दिवस येतं किंवा करंगळीएवढी धार येते, तिथं बॅरेल, टीप, घागरी, जे मिळेल ते भरून ठेवतात. त्या बाईला "बॅरेल कोरडं करा" असं सांगून जाणं सोपं असतं. ती कोरडं करेल, पण उद्या पाणी येणार का, हे तिला कोण सांगणार? काळम्मावाडीची थेट पाइपलाइन 2023 ला शहरात आली, आम्ही सगळ्यांनी आनंद केला. धरणातलं पाणी शहराच्या टाकीत आलं ते खरंच आहे. टाकीतून बोळाच्या शेवटच्या चावीला किती दाबानं येतं, तो प्रश्न वेगळा आणि तो बोळातच जाऊन मोजावा लागतो.

काविळीचं तसंच. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तुमच्यापैकी काहींच्या घरात ती आली असेल. हा 'ई' प्रकारचा विषाणू घाणीच्या पाण्यातून येतो, आणि गरोदर बायांना सगळ्यात जास्त छळतो. पाणी सोडणं बंद झालं की नळातला दाब जातो, आणि पाइप गटारीतून गेला असेल, त्याला चीर असेल, तर गटारीचं पाणी आत ओढलं जातं. पाइप कुठं गटारीतून गेलाय हे नकाशावर टिपलेलं असेल, तर साथ येण्याआधी कुठं खणायचं ते कळतं.

एका खोलीत सहा माणसं झोपली आणि एकाला क्षयाचा खोकला असला, तर बाकीच्यांच्या श्वासात तो जाणार. हवा खेळायला खिडकी नाही. आणि संडास सामाईक असला की बाया पाणीच कमी पितात, लघवी दाबून धरतात, मग जळजळ, ताप, कंबरदुखी. हे तर कुठल्या रजिस्टरात येत नाही, कारण ते सांगायला बाई दवाखान्यात जातच नाही.

मुंबईचं एक उदाहरण देते. 2020 च्या जुलैत, कोविडच्या पहिल्या लाटेत, तिथं तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासून किती जणांना आजार होऊन गेला ते पाहिलं. झोपडपट्टीत शंभरात सुमारे 57 जणांना, आणि त्याच वॉर्डांतल्या बाकी इमारतींत सुमारे 16 जणांना. वॉर्ड तेच, महिना तोच. फरक होता तो खोलीचा आणि सामाईक संडासाचा.

तुम्ही म्हणाल, हे झोपडपट्टीचं झालं, पेठेचं काय? खरा अडथळा तिथंच आहे. 2013 ला राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झालं. त्यात शहरातल्या आशाताई आल्या, साधारण 200 ते 500 घरांना एक. 50 ते 100 घरांमागं महिला आरोग्य समिती आली. आमची समिती त्यातलीच. समितीला वर्षाला 5,000 रुपयांचा निधी असतो. कोण जास्त अडचणीत आहे ते शोधण्यासाठी तीन अंगांनी बघा असं त्या अभियानात सांगितलंय: राहण्याची जागा, समाजातली परिस्थिती आणि कामधंदा. झोपडपट्टीबाहेरची माणसंही त्यात धरायची आहेत. कागद चांगला आहे. पण कामाची सुरुवात होते ती झोपडपट्ट्यांच्या यादीपासून, आणि शिवाजी पेठ काही झोपडपट्टी नाही. ती जुनी, नावाजलेली पेठ. वाड्याच्या परसातल्या चार पत्र्याच्या खोल्यांना कुणी झोपडपट्टी म्हणत नाही, आणि म्हणावं असं आम्हालाही वाटत नाही. त्यामुळं त्या खोल्या कुठल्याच यादीत येत नाहीत.

नकाशा काढायचं काम बायका करू शकतात, याबद्दल शंका नको. पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही संस्था 1993 पासून वस्त्यांचे नकाशे काढते, घराघराची माहिती संगणकात त्या नकाशावर बसवते. कुठल्या घरापासून गटारवाहिनी किती लांब, कुणाकडं शौचालय नाही, हे त्यात दिसतं. सांगलीत, कोल्हापुरात घरोघरी शौचालयाचं काम त्यांनी अशाच माहितीच्या आधारावर केलं. आमच्याकडं संगणक नव्हता. आम्ही घरफाळ्याच्या बिलांवरून घरं लावली, मुलांच्या चित्रकलेच्या मोठ्या कागदावर बोळ काढला, आणि परसात, माडीवर, जिन्याखाली जिथं चूल पेटते तिथं तिथं वेगळा ठिपका दिला. दार नको, चूल मोजायची. हे एक ठरवलं आणि घरं भराभर वाढली.

एक चूक मात्र झाली, तीही सांगते. तो कागद आम्ही मोठ्या हौसेनं तालमीच्या भिंतीला लावला. लाल ठिपके, पिवळे ठिपके. दुसऱ्या दिवशी एक काकू रडत आल्या. पोरीला बघायला पाहुणे यायचे होते आणि घरावर लाल ठिपका! कागद लगेच उतरवला. तेव्हापासून ठिपक्यांचा कागद समितीच्या पेटीत असतो, बाहेर सांगायचा तो फक्त बोळाचा आकडा. घराचं नाव कुणालाही नाही, नगरसेवकालाही नाही.

आणखी एक मर्यादा आहे. चांगल्या बोळातही एखादं घर बुडालेलं असतं. माडीवरची ती एकटी म्हातारी आठवा. तिच्या बोळाचा आकडा उत्तम आहे. बोळाच्या आकड्यावरून टँकर कुठं पाठवायचा, औषधफवारणी आधी कुठं, आशाताईंचा जादा फेरा कुठं, संध्याकाळचं शिबिर कुठं, हे ठरवावं. एकट्या घराला मदत द्यायची की नाही हे त्यावरून ठरवू नये. त्यासाठी दार वाजवावंच लागतं.

आमच्या कागदानं काय झालं? फार नाही. दोन बोळांत आशाताई आता सकाळच्याऐवजी संध्याकाळी सातनंतर येतात, कारण धुणीभांडी करणाऱ्या बाया सकाळी घरात नसतात. वहीत 'मालक' या रकान्याशेजारी 'राहणारे' असा रकाना पेनानं आखला. सामाईक चावीच्या गटारीतल्या पाइपाचा अर्ज दिलाय, तो अजून फिरतोय.

तुमच्याकडं गावठाण आणि वाड्या असतात. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात गावाचा एकच आकडा लिहितात, त्यात धनगरवाडा आणि मागासवर्गीयांची वस्ती कुठं जाते ते बघा. वर सांगितलेले प्रश्न तुम्ही बदलून घ्या. पाणी किती लांबून आणता, पावसाळ्यात रस्ता बंद होतो का, ऊसतोडीला किती महिने बाहेर असता, असे तुमचे प्रश्न तुम्हालाच ठाऊक.

आणि ज्यांच्या लेकीसुना शहरात खोली करून राहतात त्यांनी एक करा. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावच्या ट्रंकेत ठेवू नका, तिच्याबरोबर द्या. गावच्या आशाताईंना 'कोल्हापूरला गेली' एवढंच लिहू देऊ नका. पेठ, बोळ, जवळचं मंदिर किंवा तालीम, घरमालकाचं नाव आणि तिचा फोन नंबर लिहायला लावा. जमलं तर तिकडच्या आशाताईंना गावच्या आशाताईंनीच फोन करावा.

ती शाहूवाडीची पोरगी बाळंत झाली, मुलगी झाली. लोहाची इंजेक्शनं घेऊन रक्त वर आलं होतं, दोघी सुखरूप घरी आल्या. तीन महिन्यांनी मालकानं भाडं वाढवलं, आणि ते फुलेवाडीकडं गेले. लेकराचा पुढचा डोस राहिला होता. चार दिवस फोन करून करून मी तिकडच्या आशाताईंचा नंबर मिळवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरमालकाचं नाव काय?" मी म्हटलं, "नाव मला माहीत नाही, पण परसात निळ्या पत्र्याची खोली आहे, दारात टोपलीएवढी तुळस. तिथं जाऊन हाक मारा."